मुख्य रेघ कुठली, ते आधी ठरवा

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत गणितात तिला चांगले मार्क होते. आता लिमिट आणि डेरिव्हेटिव्हच्या धड्यांत तिची उत्तरं सारखी चुकतात. चूक नव्या भागात होत नाही. अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक आला की गाडी अडते. कॉलेजचे सर म्हणतात, ‘खालचा उलटा करून गुण.’ क्लासचे सर म्हणतात, ‘लसावि काढून वर-खाली गुण.’ मी बी.ए. केलंय, गणिताशी संबंध दहावीलाच सुटला. तरी परवा तिच्याबरोबर बसले. एकाच उदाहरणाचं तिचं उत्तर आलं −३५/९, पुस्तकात होतं १०/७ आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मला मिळालं ०.३६१. आता ती म्हणते, गणित सोडते आणि बायोलॉजी ठेवते. वहीच्या चार पानांचे फोटो पाठवतेय. कोणत्या सरांचं ऐकावं, आणि मी नेमकं काय करावं? — एक आई, बार्शी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. चारही पानं मोठी करून, ओळ न् ओळ बघितली. आधी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या मुलीच्या कानावर जायला हवी: तिला लसावि काढता येतो, समच्छेद करता येतो, अवयव पाडता येतात. हे चारही पानांवर एकदाही चुकलेलं नाही. ज्या मुलीला क्ष² − १ दिसल्याबरोबर (क्ष − १)(क्ष + १) सुचतं, तिचं गणित कच्चं आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या चुका चार आहेत आणि चारही एकाच मुळातून आल्या आहेत. ते मूळ पकडलं की बाकीचं सरावाचं काम उरतं.

लिहिण्याच्या सोयीसाठी दोन गोष्टी ठरवून घेऊ. पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष, अ, ब, ह लिहीन. आणि मजल्यावर मजला असा अपूर्णांक इथे रचता येत नाही, म्हणून मधल्या मोठ्या रेघेसाठी ÷ आणि लहान रेघांसाठी / वापरते. वहीत मात्र तिने उभंच लिहायचं.

आता ते भांडणाचं उदाहरण:

(१/२ + १/३) ÷ (३/४ − १/६)

तिच्या पानावर काय झालंय ते बघा. वरची बेरीज तिने बरोबर केली, ५/६. खाली आल्यावर ‘उलटा करून गुण’ हा नियम आठवला आणि तिने ३/४ चा केला ४/३, १/६ चा केला ६, मधलं वजाचं चिन्ह तसंच ठेवलं. म्हणजे ५/६ × (४/३ − ६), आणि त्यातून −३५/९. पुढचा सगळा हिशेब अचूक आहे. चूक फक्त त्या एका पायरीत आहे: तिने खालच्या दोन तुकड्यांना वेगवेगळं उलटं केलं. उलटी करायची असते ती खालची अख्खी संख्या. ३/४ − १/६ म्हणजे ७/१२ ही एक संख्या आहे, ती आधी एक झाली पाहिजे, मग तिची उलटी १२/७. आणि ५/६ × १२/७ = ६०/४२ = १०/७. पुस्तकाचं उत्तर बरोबर आहे.

तुमचं ०.३६१ कुठून आलं तेही सापडलं. तुम्ही बहुतेक १/२+१/३/३/४−१/६ असं सलग टाइप केलंत. कॅल्क्युलेटरला मोठी रेघ दिसतच नाही. तो १/३ ला ३ ने भागतो, मग ४ ने भागतो, त्याचे होतात १/३६. मग १/२ मध्ये १/३६ मिळवून १/६ वजा करतो. उत्तर १३/३६, म्हणजे ०.३६१. त्याने त्याला सांगितलेलं काम चोख केलं. तुम्ही (१/२+१/३)/(३/४−१/६) असे दोन कंस टाकून परत करून बघा, १.४२८ येईल, आणि १० भागिले ७ म्हणजे तेच.

हे दोन्ही गोंधळ एकच गोष्ट सांगतात. अपूर्णांकाची आडवी रेघ दोन कामं करते. एक तर ती भागाकार सांगते, आणि दुसरं म्हणजे ती कंस असते. रेघेच्या वर जे काही आहे ते सगळं मिळून एक संख्या, खाली जे काही आहे ते सगळं मिळून एक संख्या. कंस काढलेला नसला तरी तो असतोच. कंचेभागुबेव तुम्हीही शाळेत पाठ केलं असेल: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यातला पहिला कंस इथे रेघेच्या रूपात बसलेला असतो, आणि मुलं तो मोजत नाहीत. उभं लिहिलेलं आडवं करताना, टाइप करताना किंवा घाईत पुढची पायरी घेताना तो कंस गळून पडतो.

किती फरक पडतो त्याचा अंदाज यावा म्हणून साधे तीन आकडे घ्या: वर २, मध्ये ३, खाली ४, आणि मध्ये दोन रेघा. वरची रेघ लहान आणि खालची मोठी असेल, तर तो २/३ भागिले ४, म्हणजे १/६. वरची मोठी आणि खालची लहान असेल, तर २ भागिले ३/४, म्हणजे ८/३. आकडे तेच, क्रम तोच, आणि एक उत्तर दुसऱ्याच्या १६ पट.

म्हणून माझा पहिला सल्ला अक्षराबद्दल आहे, आणि तो किरकोळ समजू नका. तिच्या वहीत सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या आहेत. बरोबरचं चिन्ह कधी वरच्या लहान रेघेसमोर आहे, कधी खालच्या. एका पानावर तर तिने स्वतःच वरच्या ओळीत एक रेघ मुख्य धरली आणि खालच्या ओळीत दुसरी. एकेरी वहीच्या दोन ओळींत चार मजले कोंबले की असंच होणार. तिला सांगा: अशा उदाहरणाला वहीच्या चार ओळी द्यायच्या. मुख्य रेघ आधी ओढायची, लांब, आणि तिच्या अगदी समोर बरोबरचं चिन्ह. मग वरचं भरायचं, मग खालचं. पुढच्या प्रत्येक पायरीत बरोबरचं चिन्ह त्याच पातळीवर राहिलं पाहिजे. कागद जास्त लागेल, लागू दे.

दोन सरांच्या दोन रीतींबद्दल. दोघंही बरोबर आहेत, कारण रीत खरं तर एकच आहे. तिचा आधार पाचवीतला आहे: अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणलं (ती संख्या शून्य नसली) की किंमत बदलत नाही. ‘उलटा करून गुण’ यात आपण काय करतो? अ/ब ÷ क/ड असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे ड/क ने गुणतो. खाली क/ड × ड/क = १ होतो, १ ने भागण्यात काही अर्थ उरत नाही, आणि वर राहतो अ/ब × ड/क. बस, एवढंच. ते उलटणं हा वर-खाली गुणण्याचाच एक परिणाम आहे. हे कारण कुणी सांगितलं नाही की मुलांच्या डोक्यात फक्त ‘उलटा’ हा शब्द राहतो, आणि मग हाताला लागेल ते उलटं होतं.

क्लासचे सर वर-खाली गुणायलाच सांगतात, फक्त गुणायची संख्या वेगळी निवडतात: आतल्या सगळ्या लहान छेदांचा लसावि. आपल्या उदाहरणात छेद आहेत २, ३, ४, ६, लसावि १२. वर १२ ने गुणलं तर ६ + ४, खाली गुणलं तर ९ − २. उत्तर १०/७. दोन ओळींत संपलं, आणि मध्ये ५/६, ७/१२ असे अपूर्णांक तयारच झाले नाहीत.

या दोन्ही कल्पना आपल्याकडे फार जुन्या आहेत. भाजकाचे अंश आणि छेद अदलाबदल करून गुणावं, हे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सांगितलं आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतही (इ.स. ११५०) ते आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात अपूर्णांकांसाठी लसावि वापरायची रीत दिली, आणि अपूर्णांकाने भागलेल्या राशीला ‘भागभाग’ म्हणून स्वतंत्र प्रकार मानलं. म्हणजे तुमच्या मुलीचे दोन्ही सर त्यांच्या जागी भक्कम उभे आहेत, तिने कुणाची बाजू घ्यायची गरज नाही.

मात्र कुठे काय वापरावं, यावर माझं मत ठाम आहे. वर एकच अपूर्णांक आणि खाली एकच अपूर्णांक असेल, तर उलटा करून गुणा. वर किंवा खाली बेरीज-वजाबाकी दिसली, की लसाविने वर-खाली गुणा. अकरावी-बारावीत दुसराच प्रकार जास्त येतो, आणि एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे ही दोन ओळींची रीत हाताशी असलेली बरी. तरी एक जागा सांभाळायला सांगा: लसाविने गुणताना प्रत्येक पदाला गुणायचं, सुट्या पूर्णांकालासुद्धा. २ − १/४ ला ८ ने गुणलं तर १६ − २ होतं. मुलं २ − २ लिहितात, कारण २ ला छेद दिसत नाही म्हणून तो गुणायचा राहतो. तुमच्या मुलीची ही चूक मला दिसली नाही, पण लसाविची सवय लागते तेव्हा पहिल्या आठवड्यात ती हमखास डोकावते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचंही एक सांगून ठेवते. आपण अडीच लिहितो तेव्हा २ आणि १/२ शेजारी-शेजारी लिहितो आणि मध्ये बेरीज समजतो. बीजगणितात २ आणि क्ष शेजारी लिहिले तर मध्ये गुणाकार समजतो. दोन्ही एकाच उदाहरणात आले की डोकं चक्रावतं. म्हणून अडीच दिसलं की पहिल्याच ओळीत ५/२ करून टाकायचं, पावणेतीन दिसलं की ११/४.

दुसरं पान. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

(१ + १/क्ष) ÷ (१ − १/क्ष²)

इथे तिने क्लासची रीत वापरली आहे आणि सुंदर वापरली आहे. छेदांचा लसावि क्ष², वर-खाली गुणल्यावर (क्ष² + क्ष) ÷ (क्ष² − १). इथवर बरोबर. आणि मग तिने वरच्या क्ष² वर आणि खालच्या क्ष² वर काट मारली. उरलं क्ष ÷ (−१), उत्तर −क्ष.

फोटोत ती काट इतकी ठसठशीत आहे की मला तिचा आत्मविश्वास दिसला. पण काट मारणं म्हणजे वर आणि खाली एकाच संख्येने भागणं. क्ष² ने भागायचं तर वरच्या सगळ्याला भागलं पाहिजे, खालच्या सगळ्याला भागलं पाहिजे. वर क्ष² + क्ष ही बेरीज आहे, तिच्यातलं एक पद उचलून काढता येत नाही. पुन्हा तोच विसरलेला कंस! काट फक्त गुणाकारातल्या अवयवाला बसते. म्हणून आधी अवयव पाडायचे: वर क्ष(क्ष + १), खाली (क्ष − १)(क्ष + १). आता (क्ष + १) हा दोन्हीकडे गुणाकारात आहे, तो जातो. उत्तर क्ष/(क्ष − १).

तिला हे पटवून देताना नियम सांगू नका, आकडा घालायला सांगा. क्ष = ३ घ्या. मूळ उदाहरणात वर ४/३, खाली ८/९, भागाकार ३/२. क्ष/(क्ष − १) मध्ये ३ घातला, ३/२ आला. तिच्या −क्ष मध्ये −३ आला. वाद संपला. हे तुम्हालाही करता येईल, बीजगणित आठवत नसलं तरी. फक्त तपासायला ० किंवा १ घेऊ नका, तिथे छेद शून्य होतो किंवा चुकीचं उत्तरही जुळून जातं. २ पण शक्यतो टाळा, कारण २ + २ आणि २ × २ सारखेच. ३ किंवा ५ बरे. एक आकडा जुळला म्हणजे उत्तर सिद्ध झालं असं नाही, पण जुळला नाही तर कुठेतरी चूक नक्की आहे, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

पहिल्या उदाहरणाचीही अशीच झडती घेता आली असती. वर अर्धा आणि एक तृतीयांश, म्हणजे पाऊणपेक्षा थोडं जास्त. खाली पाऊणमधून एक षष्ठांश गेला, म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. दोन्ही धन, वरचं मोठं. उत्तर १ पेक्षा जरा मोठं यायला हवं. −३५/९ म्हणजे उणे जवळजवळ चार. उत्तराखाली दुहेरी रेघ मारायच्या आधी हा विचार अर्ध्या मिनिटात होतो. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ असलेल्या पिढीला हा अंदाज सहज असायचा. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना या कामाला जरूर बसवा.

या दुसऱ्या उदाहरणाला एक पुरवणी आहे आणि ती अकरावीला थेट लागते. उत्तर क्ष/(क्ष − १) बघून वाटतं की क्ष फक्त १ असू शकत नाही. मूळ राशीत मात्र क्ष = ० चालत नाही, कारण १/क्ष ला अर्थ राहत नाही, आणि क्ष = −१ पण चालत नाही, कारण मोठ्या रेघेखाली शून्य येतं. (क्ष + १) ला काट मारली तेव्हा ती अट डोळ्यांआड गेली, नाहीशी झाली नाही. म्हणून क्ष ≠ ०, १, −१ हे उत्तराशेजारी लिहायचं. आणि क्ष = −१ ला मूळ राशीची किंमत नसली, तरी क्ष तिच्या जवळ-जवळ जात राहिला तर राशी १/२ च्या जवळ जाते. हेच तर लिमिटच्या धड्यात विचारतात. तुमची मुलगी ज्या धड्याला घाबरते त्यातला मोठा भाग या एका काटेवर चालतो, हे तिला दाखवा.

तिसरं पान डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे बदलाच्या दराचं:

(१/(क्ष + ह) − १/क्ष) ÷ ह

लसावि क्ष(क्ष + ह). वर-खाली गुणलं. खाली ह·क्ष·(क्ष + ह) तिने नीट लिहिलंय. वर यायला हवं क्ष − (क्ष + ह), आणि तिने लिहिलं क्ष − क्ष + ह. म्हणून वर ह उरला, ह ला काट बसली, उत्तर १/(क्ष(क्ष + ह)). चिन्ह उलटं आलं. खरं तर वर −ह येतो आणि उत्तर −१/(क्ष(क्ष + ह)); ह शून्याकडे नेला की −१/क्ष². इथेही (क्ष + ह) ही एक वस्तू आहे, तिच्या आधी वजा आला तर कंस लिहिलाच पाहिजे. तपासायचं तर गणिताची गरजही नाही: क्ष धन असताना वाढला की १/क्ष घटतो, मग बदलाचा दर ऋण असणार. तिने धन लिहिलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

या पानावर सरांनी दोन मार्क कापलेत आणि शेजारी फक्त फुली मारली आहे. मला वाटतं, तिथे ‘कंस?’ एवढा एक शब्द लिहिला असता तर ती चूक त्याच दिवशी सुटली असती. वर्गात साठ-सत्तर वह्या असतात, सरांची अडचण समजते. म्हणूनच ते शब्द घरी कुणीतरी लिहायला हवेत.

चौथं पान छोटं आहे. १ ÷ (१/अ + १/ब) चं तिने अ + ब केलं. ही पहिलीच चूक पुन्हा आहे, दोन तुकडे वेगवेगळे उलटे केले. लसावि अब, वर-खाली गुणलं की अब/(अ + ब). हे तिला विज्ञानातून आठवेल: समांतर जोडणीतल्या दोन रोधांचा परिणामी रोध असाच काढतात. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले तर १८/९, म्हणजे २ ओहम. तिच्या रीतीने ९ आले असते, आणि ते तर एकसर जोडणीचं उत्तर आहे. समांतर जोडल्यावर परिणामी रोध दोन्हींतल्या लहान रोधापेक्षाही कमी होतो, हे तिला नक्की माहीत असणार. तिने प्रयोगवहीत हे बरोबर सोडवलं असेल आणि गणिताच्या वहीत तेच चुकवलं असेल. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायला सांगा.

मजले दोनापेक्षा जास्त असतील, तर सगळ्यात खालून वर यायचं. एक नमुना देते, तिला आवडेल: ३ + १ ÷ (७ + १/१६). खालून सुरुवात, ७ + १/१६ = ११३/१६. त्याचा उलटा १६/११३. त्यात ३ मिळवले, ३५५/११३. पाचव्या शतकात चीनमधल्या झू चोंगझी या गणितज्ञाने पाय (π) साठी हाच अपूर्णांक दिला होता, आणि तो सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतो. २२/७ दोनच स्थळांपर्यंत जुळतो.

आता तुम्ही काय करायचं. शेजारी बसा, पण उदाहरण सोडवू नका आणि पेनही हातात घेऊ नका. प्रत्येक उदाहरणाला तीनच प्रश्न विचारा: मुख्य रेघ कुठली? ही काट अवयवाला मारलीस की पदाला? ३ घालून जुळतंय का? उत्तरं तुम्हाला माहीत असायची गरज नाही, तिला ती मोठ्याने द्यावी लागली की पुरे. ‘एवढं सोपं कसं चुकतं?’ हे वाक्य मात्र घरात कुणी उच्चारू नये. ते सोपं नाही. बेरीज, भागाकार, कंस, चिन्ह आणि अवयव हे पाच विषय एका ओळीत येतात तेव्हा ते अवघडच असतं. ज्या मुलांना ते सहज जमतं त्यांचा तेवढा सराव झालेला असतो. रोज दोन किंवा तीन उदाहरणं पुरेत, वीस नकोत. आठवीच्या पुस्तकातला गुणोत्तरीय बैजिक राशींचा भाग तिने पुन्हा काढला तर उत्तम. अकरावीच्या मुलीने आठवीचं पुस्तक उघडण्यात काहीही कमीपणा नाही, हे तिला तुमच्याकडूनच ऐकू दे.

गणित सोडण्याबद्दल: तिला जीवशास्त्राची मनापासून ओढ असेल, तर तो निर्णय चांगलाच आहे आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण इंजिनीअरिंगची इच्छा असताना या चार पानांमुळे ती गणित सोडत असेल, तर आत्ता सोडू देऊ नका. या पानांवर तिला गणित येत नाही असं कुठेही दिसत नाही. एक कंस विसरण्याची सवय दिसते, आणि ती सवय जाते. सहामाहीपर्यंत थांबा, मग पुन्हा बोला. तेव्हाही तिला नकोच असेल, तर तिचं ऐका.

सरावाला तीन उदाहरणं देते. पहिलं: (२ − १/४) ÷ (१/२ + ३/८). लसावि ८, उत्तर पूर्ण २ येतं. दुसरं: (अ/ब − ब/अ) ÷ (१/ब + १/अ). इथे काट मारायच्या आधी अवयव पाडावे लागतील, उत्तर अ − ब. अ ला ३ आणि ब ला ५ देऊन तपासलं तर दोन्हीकडे −२ यायला हवेत. तिसरं तीन मजली: १ ÷ (१ − १ ÷ (१ − १/क्ष)). खालून वर यायचं, आणि प्रत्येक पायरीला चार ओळी सोडायच्या. उत्तर १ − क्ष, इतकं साधं की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तिने त्याच्या शेजारी क्ष ≠ ० आणि क्ष ≠ १ हे लिहिलंय का, तेवढं बघा.